'टॉलेमीज गेट': शेवट असाच हवा होता का?

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, या धाग्यात शेवट उघड होणार आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, आणि वाचून झालं की नक्की परत या.

जोनाथन स्ट्राउडची बार्टिमियस मालिका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात शिरली. लेक तेरा वर्षांची आहे. 'द ॲम्युलेट ऑफ समरकंद' तिने चार दिवसांत संपवलं, 'द गोलेम्स आय' आठवड्याभरात, आणि तिच्या मागोमाग मी. जेवताना, भांडी आवरताना, सगळीकडे बार्टिमियसच्याच गप्पा. मग तिसरा आणि शेवटचा भाग, 'टॉलेमीज गेट'. तो तिने एका रविवारी रात्री संपवला, पुस्तक उशीखाली ठेवलं आणि सोमवारी शाळेत जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "आई, त्याला मारायला नको होतं. आत्ता कुठे तो चांगला व्हायला लागला होता."

ज्यांना वाचून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात: लंडनवर मांत्रिकांचं राज्य आहे. पंतप्रधानापासून कारकुनापर्यंत सत्ता त्यांची. पण त्यांच्या अंगात स्वतःची जादू अशी काहीच नाही. ते पलीकडच्या जगातून जिन, आफ्रीत, मारिद अशा आत्म्यांना मंत्राने ओढून आणतात, रिंगणात अडकवतात आणि राबवून घेतात. बार्टिमियस हा असाच एक पाच हजार वर्षं राबलेला जिन. नाथॅनियल हा त्याला राबवणारा मुलगा, पहिल्या भागात कोवळा पोर आणि तिसऱ्यात सतरा वर्षांचा मंत्री जॉन मॅन्ड्रेक. आणि किटी जोन्स, मांत्रिकांच्या विरोधात उभी राहिलेली साध्या घरातली मुलगी.

शेवटी नाथॅनियल काचमहालात नूडा नावाच्या बलाढ्य, संहारक आत्म्याला संपवण्यासाठी ग्लॅडस्टनचा दंड (प्रचंड ताकदीची जादूची काठी) मोडतो, आणि स्वतः मरतो. मरण्याआधी आपल्याच शरीरात असलेल्या बार्टिमियसला सोडून देतो.

मला मनातून वाटतं की शेवट बरोबर आहे. पण का बरोबर आहे ते मला लेकीला सांगता येत नाही. "त्याने त्याग केला" हे म्हणून पाहिलं, तर ती म्हणाली, "त्याग तर सगळ्याच पुस्तकांत करतात." तुम्हाला काय वाटतं?

गडबडगुंडा

मी अकरावीत असताना वाचलं होतं, होस्टेलवर. पहाटे तीन वाजता संपलं. रूममेटला उठवून सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं तरी तो बिचारा अर्धा तास ऐकत बसला. तुमच्या मुलीला सांगा, ती एकटी नाही.

जुनाट_वाचक

माझं मत वेगळं आहे, आणि पहिल्यापासून वेगळं होतं. नाथॅनियलचा बदल मला घाईचा वाटला. दुसऱ्या भागात हा मुलगा किटीला वचन देतो की दंड हाती आला की तिला आणि तिच्या मित्राला जाऊ देईन, आणि दंड मिळताच शब्द फिरवतो. तिसऱ्या भागात तो माहितीमंत्री आहे. अमेरिकेतल्या युद्धासाठी गरीब घरच्या पोरांनी भरती व्हावं म्हणून खोटी पत्रकं छापतो. बार्टिमियसला दोनेक वर्षं सलग जमिनीवर अडकवून ठेवतो. असा माणूस शेवटच्या शंभरेक पानांत हुतात्मा होतो? मला लेखकाने हिशेब चुकता केल्यासारखं वाटलं. पापं फार झाली, आता मरणाने ती धुऊन काढू.

निशिगंधा

जुनाट काका, थोडं थांबा. बदल शेवटच्या शंभर पानांत होत नाही.

तो प्रसंग आठवा. बार्टिमियस कामगिरीवरून परततो तेव्हा तो इतका क्षीण झालेला असतो की धड बोलण्याचीही ताकद उरलेली नसते. त्याच्याकडे महत्त्वाची बातमी आहे. आजूबाजूला इतर मांत्रिक बघत आहेत. मांत्रिकाने अशा वेळी काय करावं हे त्या जगात ठरलेलं आहे: गुलाम मेला तरी चालेल, बातमी काढून घ्यायची. आणि नाथॅनियल त्याला सोडून देतो. बातमी जाते, चारचौघांत मान खाली जाते, हाती काहीच लागत नाही. शेवटाची सुरुवात मला तिथे दिसते.

आणि त्याच्याही आधी, पहिल्या भागात, चित्रकला शिकवणाऱ्या मिस लट्येन्स आणि त्याच्या गुरूची बायको मिसेस अंडरवूड या दोघींनी त्याला माणसासारखं वागवलं होतं. ते बी पेरलेलं होतंच, त्यावर मंत्रिपदाचा राडारोडा पडला होता.

जुनाट_वाचक

निशिगंधा, तो प्रसंग मी विसरलो होतो हे मान्य. परत वाचतो.

तळटीप

माझ्या नावावरून कळलंच असेल मी या मालिकेचा किती भक्त आहे. :)

ज्यांनी वाचलेलं नाही (आणि तरी धागा वाचताय!) त्यांच्यासाठी: बार्टिमियसची प्रकरणं त्याच्या स्वतःच्या तोंडी आहेत आणि त्यांत पानोपानी तळटिपा आहेत. कधी उरुकच्या भिंती त्याने कशा बांधल्या, कधी अमुक आफ्रीताची कशी फजिती झाली. नाथॅनियल आणि किटीची प्रकरणं मात्र तृतीयपुरुषी, साधी, बिनटिपांची. हा नुसता गमतीचा प्रकार नाही. ज्याला राजरोस बोलायची परवानगी नाही तो पानाच्या तळाशी बोलतो. मालकाचा हुकूम वर, गुलामाचं खरं मत खाली बारीक अक्षरात.

मला मालिकेतलं सगळ्यात आवडतं ते हेच. पाच हजार वर्षं मान खाली घालून राबलेल्याला इतिहास पाठ आहे. मांत्रिकांना तो येत नाही. साम्राज्यं कशी उभी राहतात, मांत्रिक कसे मुजोर होतात, मग सामान्य लोकांच्या पोरांमध्ये जादूला न जुमानणारी ताकद कशी जन्माला येते आणि डोलारा कसा कोसळतो, हे त्याने कितीतरी वेळा पाहिलंय. लंडनचं काय होणार ते त्याला आधीच दिसतंय, पण त्याला विचारतंय कोण?

आरवलीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. पुस्तक माझ्या भाच्याने दिलं होतं, एसटीच्या प्रवासात वाचलं.

आम्ही सिंधुदुर्गातले, वेंगुर्ला तालुक्यातले. आमच्या आरवलीत वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे गावचो राखणदार. रात्री गावभर फिरतो, फिरून फिरून चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. केळ्यांचा घड देतात. लहानपणी त्या चपला बघून छाती दडपायची आणि भरवसाही वाटायचा, की एवढ्या पायाचा कोणी आपल्यासाठी जागा आहे.

सांगायचं कारण असं की, आमच्याकडे वेताळ कोणाचा नोकर नाही. त्याच्याशी बोलतात, गाऱ्हाणं घालतात, रागावला तर समजूत काढतात. पुस्तकातल्या मांत्रिकांना एवढी एकच गोष्ट सुचली नाही. बोलून बघायची! बार्टिमियसचा जुन्या इजिप्तमधला मालक, तो टॉलेमी पोरगा, तेवढंच करतो. "तुमच्याकडे कसं असतं?" असं विचारतो. पाच हजार वर्षांत विचारणारा एकटा तोच. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रानवारा

आरवलीकर, किती सुंदर लिहिलंत.

वेताळाचा विषय निघालाच आहे तर वेताळपंचविशीही आठवा. राजा खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, प्रेतात वेताळ आहे, आणि हे सगळं ज्या मांत्रिकासाठी चाललंय तो शेवटी राजाचाच बळी देणार आहे. राजाला ते सांगतो कोण? वेताळ. वाटेत चोवीस गोष्टी झाल्या, प्रश्नोत्तरं झाली, दोघांची एकमेकांना सवय झाली, आणि मग दोघं मिळून मांत्रिकाचा काटा काढतात.

'टॉलेमीज गेट'मध्ये नाथॅनियल आणि बार्टिमियस एका शरीरात राहून लढतात तेव्हा मला हेच आठवलं. एकाचे पाय, दुसऱ्याची ताकद, आणि वाटभर वाद.

इतिहासवेडा

थोडं विषयांतर करतो, पण टॉलेमीबद्दल बोलणं चाललंय म्हणून.

तिसरा भाग सुरू होतो तो इसवीसनपूर्व १२५ च्या अलेक्झांड्रियात. तेव्हा इजिप्तच्या गादीवर आठवा टॉलेमी होता. हा राजा खरोखरच फार क्रूर होता. इसवीसनपूर्व १४५ च्या सुमारास सत्ता हाती आल्यावर त्याने विरोधकांचा सूड घेतला आणि अलेक्झांड्रियातल्या विद्वानांना देशोधडीला लावलं. तिथल्या जगप्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टार्कस याच धामधुमीत शहर सोडून गेला. म्हणजे स्ट्राउडने आपला पुस्तकवेडा, कोणाशी स्पर्धा न करणारा मुलगा नेमक्या अशा घराण्यात आणि अशा शहरात जन्माला घातला जिथे ज्ञानाची किंमत नुकतीच मातीमोल झाली होती. तो टिकणारच नव्हता. लोकांचं त्याच्यावर प्रेम बसायला लागतं आणि राजवाड्यातून मारेकरी निघतात.

दुसऱ्या भागातलं प्राग, तिथला गोलेम, तिसऱ्यातला हा अलेक्झांड्रिया. माणसाने अभ्यास करून लिहिलंय.

थेम्सकाठी

मी गेली काही वर्षं लंडनमध्ये आहे, तर काचमहालाबद्दल.

खरा क्रिस्टल पॅलेस १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हाईड पार्कमध्ये उभारला होता, लोखंड आणि काचेचा. प्रदर्शन संपल्यावर तो उचलून दक्षिण लंडनमध्ये सिडनममध्ये नेला, १८५४ मध्ये तिथे सुरू झाला, आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत गेला. आज तिथे बाग आहे. महाल नाही, पण त्याचे दगडी चौथरे आहेत, पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांशी दगडी स्फिंक्स बसलेत. पुस्तक वाचल्यानंतर मी मुद्दाम गेले होते. रिमझिम पाऊस होता. रिकाम्या चौथऱ्यावर उभी राहिले आणि शेजारी इजिप्तचा स्फिंक्स! टॉलेमीचा आणि नाथॅनियलचा धागा तिथे असा हाताला लागल्यासारखा वाटला.

पुस्तकातला महाल अजून शाबूत आहे, आणि शेवट तिथेच का होतो याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. या आत्म्यांना लोखंड सोसत नाही. नूडाला झाकून टाकेल एवढं लोखंड दुसरं कुठे मिळणार? पण तेच लोखंड बार्टिमियसलाही तितकंच मारक आहे हे विसरू नका. त्याला वेळेत सोडलं नसतं तर तोही गेला असता.

पिंपळपान

थेम्सकाठी, हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! लोखंडामुळे त्यालाही मरण होतं. धन्यवाद.

सगळेच किती मनापासून लिहिताय. रोज रात्री लेक झोपली की धागा उघडते.

सदाफुली

मी किटीच्या बाजूने भांडायला आलेय.

सगळी चर्चा नाथॅनियलच्या मरणाची चाललीय. पण किटीने काय दिलं? ती टॉलेमीचं दार उघडून पलीकडे जाते. दोन हजार वर्षांत तिथे जाऊन परत येणारी टॉलेमीनंतर ती पहिलीच. तिथे घाट नाही, आकार नाही, तळ नाही, आपण कोण हेच सुटायला लागतं. ती धडपडत स्वतःसाठी एक ओबडधोबड बाहुलं बनवते आणि त्यामुळे तिथले आत्मे चवताळतात, कारण आकार ही त्यांच्या लेखी मांत्रिकांनी लादलेली शिक्षा. तरी ती बोलत राहते. आणि परत येते तेव्हा केस पिकलेले, चेहऱ्यावर सुरकुत्या, अंगात त्राण नाही. विशीही न गाठलेली मुलगी!

नाथॅनियलला एका क्षणाची किंमत मोजावी लागली. किटी ती किंमत आयुष्यभर रोज आरशात बघणार आहे. आणि तिने हे कशासाठी केलं? बार्टिमियसला हुकूम द्यायला नाही, त्याची मदत मागायला. तो नाही म्हणू शकला असता. हे मला फार मोठं वाटतं.

पिंपळपान, तुमच्या लेकीला किटीबद्दल विचारा ना. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्याबद्दल काय वाटलं?

गडबडगुंडा

सदाफुलीताई +१००. किटी माझी सगळ्यात आवडती.

जुनाट_वाचक

सदाफुलींशी सहमत, आणि म्हणूनच माझी तक्रार वाढली. इतकं दिलेल्या मुलीला लेखक शेवटची पानं देत नाही. ती नव्या कारभारात सल्ला वगैरे देताना दिसते, मग पडदा. शेवटचं प्रकरण पुन्हा बार्टिमियसच्या तोंडी, नाथॅनियलच्या मरणाचं.

(आणि मी तो प्रसंग परत वाचला. निशिगंधा, तुमचं बरोबर होतं. पत्रकांचा राग मात्र माझ्या मनातून अजून जात नाही.)

काजवा

इथे एक वेगळा विचार मांडते. मी शाळेत शिकवते, नववी-दहावी.

ही मालिका वाचताना मला पहिल्या भागापासून महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' आठवत होती. १८७३ चं पुस्तक, आणि अर्पण केलंय अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना. फुले पुन्हा पुन्हा सांगतात की साखळदंडापेक्षा मनातली गुलामी जास्त घट्ट असते, आणि ती गोष्टींतून, नावांतून, पोथ्यांतून बांधलेली असते. स्ट्राउडच्या जगात बघा: आत्म्याला बांधणारी गोष्ट म्हणजे त्याचं नाव. मांत्रिक त्यांना "डिमन" म्हणतात आणि त्या शब्दाने बार्टिमियस दर वेळी दुखावतो. आणि मांत्रिकही आपलं जन्मनाव लपवतात, कारण नाव कळलं की तेही बांधले जाऊ शकतात! नाथॅनियल बार्टिमियसला इतकी वर्षं सोडत नाही त्यामागे हीच भीती आहे, की याला माझं खरं नाव माहीत आहे. मालकही आपल्याच व्यवस्थेत कोंडलेला.

इतिहासवेडा

काजवाताई, मुद्दा आवडला, पण तुलना जपून करायला हवी असं मला वाटतं. फुले खऱ्या माणसांच्या खऱ्या वेदनेबद्दल लिहीत होते. जिनांच्या गोष्टीशी ते जोडताना त्या वेदनेचं वजन कमी होऊ नये.

काजवा

इतिहासवेडा, मान्य, आणि तुम्ही टोकलंत ते बरं केलंत. मी उलट्या दिशेने विचार करत होते. वर्गातल्या मुलांना 'गुलामगिरी' थेट दिली की परीक्षेचा धडा म्हणून वाचतात. पण ज्या मुलाने बार्टिमियसचा राग समजून घेतलाय त्याच्या हातात ते पुस्तक दिलं की तो वेगळा वाचतो. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष पाहिलंय. तिने विचारलं, "बाई, मग आपल्याकडे तळटिपा कोणी लिहिल्या?" मी तिला फुले वाचायला दिले.

तळटीप

काजवाताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा साष्टांग नमस्कार. काय प्रश्न आहे!

बाराखडी

मी हौसेने भाषांतर करते, छापण्यासाठी नाही, घरातल्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी. या मालिकेतली काही प्रकरणं करून पाहिली. तिथे अडलेले शब्द इथे मांडते, कारण त्यातून पिंपळपानच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं असं वाटतंय.

"डिमन"साठी मांत्रिकांच्या तोंडी मी "पिशाच्च" ठेवलं आणि बार्टिमियस स्वतःला "जिन" म्हणतो. म्हणजे शिवी आणि नाव वेगळं राहतं. त्यांचं अंग ज्याचं बनलंय त्याला "सत्त्व". पलीकडच्या जागेला बरेच दिवस शब्द मिळत नव्हता, शेवटी साधं "पलीकडे" ठेवलं.

अडले ते बोलावण्याच्या आणि परत पाठवण्याच्या शब्दांवर. मांत्रिक आत्म्याला बोलावतो आणि काम झालं की मंत्र म्हणून परत पाठवतो. मराठीत यासाठी जोडी तयार आहे: आवाहन आणि विसर्जन. पूजेत सोळा उपचारांतला पहिला आवाहन, मग आसन. आणि उत्तरपूजेला निरोप देताना आपण काय म्हणतो? पुनरागमनाय च. परत यावं म्हणून.

पण हे शब्द लिहिले आणि हात थांबला. लंडनचे मांत्रिक करतात ते आवाहन नव्हे. आवाहनात पाहुण्याला आसन देतात, पाय धुवायला पाणी देतात. हे तर पकडून आणणं झालं. मग मी मांत्रिकांसाठी "ओढून आणणं" आणि "हाकलणं" वापरलं, आणि आवाहन-विसर्जन हे शब्द राखून ठेवले.

कोणासाठी? टॉलेमीसाठी. मारेकरी देवळात शिरतात, टॉलेमी पलीकडे जाऊन आल्यामुळे पांगळा झालेला, पळू शकत नाही. बार्टिमियस त्याच्यासाठी लढायला तयार आहे, मरायला तयार आहे. आणि तो चौदा वर्षांचा मुलगा काय करतो? आपला एकमेव रक्षक हातात असताना त्याला परत पाठवतो, जिवंत. ते विसर्जन.

आणि मग दोन हजार वर्षांनी नाथॅनियल. तेच दोन शब्द मला पुन्हा एकदाच वापरता आले, शेवटच्या पानावर.

निशिगंधा

बाराखडी... अंगावर काटा आला. मी चार वेळा वाचलंय आणि हे दोन प्रसंग असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

रानवारा

म्हणजे टॉलेमीची ती सगळी प्रकरणं मधेमधे का येतात हे आत्ता कळलं. मला वाटायचं बार्टिमियसचा भूतकाळ सांगायला आहेत. ती खरं तर शेवटचं पान कसं वाचायचं ते शिकवत होती.

सदाफुली

आणि दोन्ही वेळा बार्टिमियसला बोलायला संधी मिळत नाही हेही पाहा. शेवटी तो म्हणतोच की त्या क्षणी मला त्याच्याबद्दल काय वाटतं ते सांगायचं राहून गेलं. पण तेव्हा दोघं एकाच शरीरात होते, म्हणून त्याला ते कळलं असेलच. टॉलेमीच्या वेळी तेवढंही नव्हतं.

जुनाट_वाचक

बाराखडी, तुमच्या प्रतिसादाने माझं मत हललं. मी नाथॅनियलच्या मरणाकडे हिशेब म्हणून बघत होतो, म्हणून ते स्वस्त वाटत होतं. मरण बाजूला ठेवलं आणि फक्त सोडणं पाहिलं तर गोष्ट बदलते. ज्या मुलाने पहिल्या भागात आपली पहिली मोठी करामत म्हणून त्याला ओढून आणलं, त्याची शेवटची कृती त्याला जाऊ देणं ही आहे. हे मला आधी दिसायला हवं होतं.

पत्रकांचा राग तरीही आहे. तो राहू दे. त्या मुलानेही बहुधा तो राग नाकारला नसता.

आरवलीकर

बाराखडीताई, ते भाषांतर कधीतरी इथे टाका. मी छापून आईला वाचून दाखवीन. तिला वेतोबाच्या गोष्टी आवडतात, बार्टिमियसही आवडेल.

बाराखडी

आरवलीकर, छापील पुस्तकाचं भाषांतर असं उघड्यावर टाकणं योग्य नाही, लेखकाचा हक्क आहे तो. पण तुम्ही आईंना तुमच्या शब्दांत सांगा ना गोष्ट. मालवणीतून सांगितलीत तर बार्टिमियस त्यात जास्त रंगेल, माझी खात्री आहे.

थेम्सकाठी

एक राहिलं होतं. कोणाला चौथं पुस्तक माहीत नसेल तर: 'द रिंग ऑफ सॉलोमन', २०१० मध्ये आलं. कथा या तिन्हींच्या खूप आधीची, राजा सॉलोमनच्या जेरुसलेममधली. ज्यांना बार्टिमियसचा निरोप सोसवत नाही त्यांच्यासाठी उत्तम. पिंपळपान, लेकीला द्या.

पिंपळपान

तीन दिवस इथे आले नव्हते, कारण सांगते.

शनिवारी दुपारी लेकीला शेजारी बसवलं आणि बाराखडींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मग आम्ही दोघींनी पुस्तक काढलं आणि टॉलेमीच्या मरणाचं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण एकापाठोपाठ वाचलं. आधी टॉलेमीचं ती वाचत होती, शेवटचं मी वाचत होते. शेवटच्या पानावर माझा आवाज फुटेना, तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पूर्ण केलं.

सदाफुली, किटीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तिचे केस पांढरे झाले त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण ती स्वतः गेली होती. नाथॅनियलच्या वेळी मला वाटलं होतं की लेखकाने त्याला मारलं. आता वाटतंय की तोही स्वतः गेला." ती हे म्हणाली आणि मी जागच्या जागी गप्प झाले.

मग बराच वेळ पाय हलवत बसली आणि म्हणाली, "आई, बार्टिमियस इतकी वर्षं सारखं टॉलेमीचं रूप घेऊन फिरतो ना, त्याची आठवण म्हणून? मग पुढच्या वेळी कोणी बोलावलं तर तो कोणाचं रूप घेईल?"

मला उत्तर येत नव्हतं. तुम्हालाच विचारते.

तळटीप

मी हे वाचून दहा मिनिटं नुसता बसून आहे.

आरवलीकर

माका वाटता, दोघांचाय घेईत. एक दिवस टॉलेमी, एक दिवस नाथॅनियल.

सदाफुली

आधी एकदा तरी नाथॅनियलचं घेईल, पण मंत्र्याचं नाही. पहिल्या भागातला, खडूने रिंगण काढणारा, भ्यालेला आणि तरी उभा राहिलेला छोटा मुलगा. तसा.

पिंपळपान

सदाफुली, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. आतून चित्रकलेची वही आणि पेन्सिल घेऊन आली, आणि आत्ता खिडकीशी बसून तोच मुलगा काढतेय. हातात खडू आहे.